पलीकडचं वजन

आमच्या घराण्यात थापा मारणाऱ्याला एकच कायदा लागू आहे. ऐकणाऱ्याने थाप ओळखली, तर त्याने सांगणाऱ्याचं नाक चिमटीत धरायचं आणि ओरडायचं, "पकडलं!" त्या क्षणापासून ऐकणारा मोठा झाला. त्याला पुन्हा गोष्ट सांगायची नाही. अपील नाही, दयेचा अर्ज नाही.

मी माझ्या आजोबांचं नाक धरलं तेव्हा मला मिसरूड फुटत होतं. माझ्या लेकीने माझं धरलं ते दुधाचे सगळे दात पडून गेल्यावर. आता उरलीय तिची लेक, मिरची. अजून बालवाडीत जाते, आणि घरात माझं ऐकणारी ती एकटीच. तिनेही नाक धरलं की उरलो मी आणि भिंती.

"बाबा, जपून हं," लेक दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "हल्लीच्या पोरांना सगळं माहीत असतं. काल मला विचारत होती, चंद्रावर हवा नाही तर तिथली शिंक ऐकू येईल का?"

त्याच दुपारी मी ठेवणीतली गोष्ट काढणार होतो, आणि ती नेमकी चंद्राची. मिरचीच्या वयाचा असताना मी, सावली घरात येताना पाय पुसते का, हे बघत उंबरठ्यापाशी बसायचो. आणि ही शिंकेची चौकशी करते! एवढंसं डोकं, त्यात हे शिरतं तरी कुठून?

मी लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म घालवला आहे. तेव्हा गोष्टीही त्याच कारखान्यातल्या.

"तर काय झालं," मी मिरचीला मांडीवर घेतलं, "एका उंच इमारतीची लिफ्ट मी दुरुस्त केली, ती जरा जास्तच दुरुस्त झाली. शेवटच्या मजल्यावर थांबेचना! छप्पर फोडून वर. ढगात शिरली, माझा शर्ट ओलाचिंब. आणखी वर. चंद्राला टेकली तेव्हा कुठे दार उघडलं."

"श्वास कसा घेतलात?"

"लिफ्टच्या डब्यात खालची हवा भरलेली होती ना! दार जरासंच किलकिलं केलं." मी तयारीनिशी आलो होतो.

"दोर पुरला?"

"ताणला. तेव्हाचे दोर भलते चिवट."

तिने मान डोलावली. मग कपाळाला आठी घातली. "आणि पलीकडचं वजन?"

"कुठलं वजन?"

"आजोबा! लिफ्ट वर गेली की पलीकडचं वजन खाली येतं. बाईंनी पुठ्ठ्याची लिफ्ट केली होती. वर दोऱ्याचं रिकामं रीळ, एका टोकाला खोकं, दुसऱ्या टोकाला खडूंचा डबा. खोकं वर, डबा खाली. तुम्ही चंद्रावर गेलात, मग वजन कुठे गेलं?"

ज्या वजनाच्या रुळांना ग्रीस लावून लावून माझी नखं कायमची काळी झाली, तेच मी गोष्टीत बसवायला विसरलो होतो! एखाद्या शिंप्याने ही चूक केली असती तर खपून गेली असती.

मिरचीची चिमटी वर आली. मी डोळे मिटून नाक पुढे केलं.

काहीच होईना. एक डोळा उघडून पाहतो तर बाईसाहेब स्वतःचंच नाक खाजवत होत्या.

"जमिनीत घुसलं असेल," ती म्हणाली. "कुठून बाहेर निघालं ते उद्या सांगा." आणि मांडीवरून घसरून पळाली.

वाचलो! पोर अजून भोळी आहे म्हणत मी पाणी प्यायला निघालो, तर स्वयंपाकघरात मायलेकींची कुजबुज चाललेली.

"अगं, मग नाक का नाही धरलंस?"

"वेडी आहेस का आई? धरलं की गोष्टी बंद."

"म्हणजे तुला कळलं होतं?"

"कधीचंच. ती मगर आजोबांकडे दात घासून घ्यायला आली होती ना, तेव्हापासून. पण त्यांना सांगू नकोस हं. त्यांना वाटतं, मला खरं वाटतं."

मी कोरड्या घशानेच परत फिरलो. चंद्र, हवा, वजन, हे समजू शकतो; पुठ्ठा आणि खडूंचा डबा असला की झालं. पण हे दुसरं कोणत्या बाईंनी शिकवलं? मला तर मिसरूड फुटूनही एवढं पुढचं दिसलं नव्हतं. नाक धरलं आणि बसलो गोष्टींना मुकून.

दुसऱ्या दिवशी ती हजर. "सांगा. कुठे निघालं वजन?"

"मला काय ठाऊक? मी वर होतो. तूच सांग."

ती मांडी घालून ऐटीत बसली. "ते पृथ्वीच्या पलीकडे निघालं. एका म्हाताऱ्याच्या पलंगाखालून. तुम्ही इकडे वर, तर तो तिकडे पलंगासकट वर. झोपलेलाच! मग चंद्रावर तुम्हाला शिंक आली. मोठ्ठी. ती ऐकून तो दचकून जागा झाला..."

चंद्रावरची शिंक? ऐकून? माझी दोन बोटं आपोआप उठली.

मिरचीची नजर माझ्या बोटांवर.

मी माझं नाक खाजवलं. अगदी सावकाश.

"मग?" मी विचारलं. "काय म्हणाला म्हातारा?"