हेस्टरचं नाव घेऊन

पुलाच्या चढावर आल्यावर हेस्टरला खालचं पाणी मोकळं दिसलं आणि तिचे पाय जागीच थांबले. दोन्ही पिशव्यांत सगळ्या बोटींसाठी घेतलेले पाव होते, अजून गरम. सकाळी ती गावात निघाली तेव्हा कॉटलीच्या तिठ्यावर, तीन कालवे मिळतात तिथे, या काठापासून त्या काठापर्यंत बोटी आडव्या लावलेल्या होत्या. आता तिथून कंपनीची कोळशाची बोट संथपणे चालली होती आणि सुकाणूवरचा माणूस शीळ घालत होता.

त्या हिवाळ्यात कालवा असा गोठला की मार्चपर्यंत सुटला नाही. बर्फ वितळल्यावर कंपनीने सांगून टाकलं, यापुढे माल लॉरीने जाईल. कागद गिरणीचा उरलेला कोळसा पोचवा, बोटी जमा करा आणि उतरा. ज्यांचे आजेपणजे बोटीच्या केबिनमध्ये जन्मले आणि तिथेच मेले, त्यांनी उतरून जायचं कुठे? तिठा अडवायची कल्पना सायलसची, हेस्टरच्या धाकट्या भावाची. "घरं मिळतील तर सगळ्यांना, नाहीतर गिरणीला कोळशाचा खडासुद्धा जाणार नाही," असं तो केबिनच्या छतावर उभा राहून म्हणाला होता. ते ऐकताना हेस्टरचा ऊर अभिमानाने भरून आला होता. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. पाण्यात पडू नये म्हणून त्याच्या कमरेला दोर बांधून तो छतावरच्या धुराड्याला अडकवायची.

तिची बोट काठाला लावलेली दिसली. त्या बोटीला इंजिन नव्हतं. सायलसच्या इंजिनाच्या बोटीमागे ती जोडून चालायची. सायलसची बोट कुठेच नव्हती. हेस्टरच्या बोटीचा दोर मात्र खुंट्याला नीट, पक्का बांधलेला होता, सायलस बांधायचा तसा.

शेजारच्या बोटीवर थर्झा बादली धूत होती. वर न बघता म्हणाली, "पाव आणलेस? आता तूच खा बसून."

"थर्झा, बोटी कुणी सोडल्या गं?"

"आता आम्हालाच विचार! तूच कबूल झालीस ना?"

"मी? कशाला कबूल झाले?"

थर्झाने बादली खाली ठेवली. "कंपनीचा साहेब आला होता मोटारीतून. सायलस त्याच्याशी बोलून आला आणि म्हणाला, हेस्टरचं नि माझं ठरलंय, सगळ्यांना घरं मिळतायत, सोडा दोर. तुझं नाव ऐकलं म्हणून आमच्या म्हाताऱ्यानं दोर सोडला. नाहीतर सायलसच्या शब्दावर तो डोक्यावरची टोपीसुद्धा काढायचा नाही."

"आणि घरं?"

"एक मिळालं की. त्याला. लॉकवरचं, राखणदाराचं, नोकरीसकट."

हेस्टरने पिशव्या तिथेच काठावर ठेवल्या आणि ती लॉककडे चालू लागली. वाटेत कुणी तिला हाक मारली नाही. म्हातारा एनॉक, थर्झाचा नवरा, तिला येताना बघून केबिनमध्ये गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

बोटी वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात उतरवायचा दोन्हीकडे दरवाजे असलेला हौद म्हणजे लॉक; त्याच्या दरवाजांना लागूनच ते विटांचं घर होतं. सायलस स्वयंपाकघरात नळासमोर उभा होता. नळ सोडायचा, बंद करायचा, पुन्हा सोडायचा. रूबी, त्याची बायको, सुजलेले पाय स्टुलावर ठेवून बसली होती. हेस्टरला पाहताच तिने मान खाली घातली.

"ये, बस," सायलस म्हणाला. "चहा टाकतो. पाणी बघ, घरात येतंय."

"माझं नाव का घेतलंस?"

"हेस्टर, रूबीचे पाय बघ. आणखी एक हिवाळा तिला त्या ओल्या केबिनमध्ये..."

"रूबीचं मला सांगू नकोस. तिच्यासाठी घर घेतलंस ते समजलं. तेवढंच करून गप्प निघून गेला असतास, तर शिव्या देऊन सोडून दिलं असतं. माझं नाव कशाला घेतलंस?"

सायलसने नळ बंद केला. "तुझ्या नावाशिवाय कुणी हललं नसतं."

त्याने आतल्या दाराकडे हात केला. मग तो हळूच म्हणाला, "मागची खोली तुझ्यासाठी मागून घेतलीय. उजेड छान येतो."

"पोराला खाऊ देऊन गप्प करतात तसं मला उजेड दाखवून गप्प करतोस का रे?" एवढंच बोलून ती बाहेर पडली.

त्यानंतर माणसं पांगत गेली. कुणी विटांच्या भट्टीवर, कुणी मुलीच्या दारात. एनॉक आणि थर्झाला गावाबाहेर पत्र्याची खोली मिळाली. हेस्टरने प्रत्येकाला सांगून बघितलं की मी कबूल झाले नव्हते. लोक "असेल, असेल" म्हणायचे. त्या 'असेल'पेक्षा शिवी बरी होती.

बोटी जमा करायच्या दिवशी कंपनीच्या माणसाने सांगितलं, तुझी बोट आम्ही ओढून नेतो. हेस्टर नको म्हणाली. तिने पुढचा दोर काढला, खांद्यावर घेतला आणि काठाने बोट ओढू लागली. पण मागे सुकाणू धरायला कुणीतरी हवं. बोट वाकडी होऊन काठाला घासत होती. तेवढ्यात थर्झा पुलावरून खाली आली. ती बोटीवर चढली आणि तिने सुकाणू हातात घेतलं. बोट सरळ झाली.

लॉकपाशी सायलस कंपनीची टोपी घालून उभा होता. दरवाजे बंद होते. हेस्टर थांबली, दोर खांद्यावर तसाच ठेवून म्हणाली, "साहेब, दरवाजे उघडता का? बोट खाली न्यायची आहे."

सायलसचा चेहरा उतरला. "हेस्टर, अगं मी..."

"तुम्हाला वेळ नसेल तर थांबते."

त्याने दरवाजा उघडला. बोट आत आली, मागचा दरवाजा लागला आणि पाणी उतरू लागलं. थर्झा बोटीबरोबर ओल्या भिंतींच्या मध्ये खाली खाली गेली. वर, पाण्याच्या दोन बाजूंना बहीणभाऊ उभे होते. "चहा तरी घेऊन जा," सायलस पलीकडून म्हणाला.

"नको. तुम्ही कामावर आहात."

पुढचा दरवाजा उघडला. हेस्टर पायऱ्या उतरून खालच्या काठावर गेली आणि पुढे वाकली. दोर ताणला गेला, त्यातून पाणी निथळलं, आणि जरा वेळाने बोट हलली.