जास्तीचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. वुहानच्या एका चिंचोळ्या गल्लीत थान आजींच्या नूडल्सच्या दुकानाला पाठीशी घालून उभी आहे. आजींच्या नवऱ्याने बंद पडलेल्या भट्टीच्या विटा सायकलवरून आणून मला रचले. मी जरा वाकडी आहे. विटा सरळच होत्या, सायकल वाकडी होती, असे ते मरेपर्यंत सांगत.

हिवाळ्यात माझ्यावर मासे वाळत. म्हातारे मला टेकून बसत आणि उठताना “भिंत भक्कम आहे हो!” म्हणत. मला तेवढे पुरे होते.

मग गल्लीचा विकास ठरला. गल्लीला कोणी विचारले नाही. एका रंगाऱ्याने माझ्या छातीवर लाल वर्तुळ काढून आत एकच अक्षर लिहिले : पाडा. आमच्या लिपीत एका अक्षरात एवढे मावते. शेजारी सह्या करून गेले. आजी हटेनात. पाडकाम कचेरीचे ओउयांग साहेब रोज हसायला येऊ लागले.

“आजी, पंचविसाव्या मजल्यावर घर मिळेल. खिडकीतून ढग दिसतील.”

“मग नूडल्स काय ढगांना विकू?”

“सही करू नका हवं तर. भिंतीवर लिहिलंच आहे.”

साहेब गेल्यावर आजी माझ्याकडे बघत राहिल्या. त्या अक्षरात एक ठिपका असतो. तो काढला, की अक्षराचा अर्थ होतो ‘सूट’. दुकानदार सेलला लावतात तीच. आजींनी कालथा आणला आणि ठिपका खरवडला.

सकाळी गल्लीभर रांग!

“आजी, सूट किती?”

“साहेबांना विचारा. पाटी त्यांची आहे.”

साहेबांना गर्दीतून आत शिरता येईना. “ठिपका द्या रे!” ते लांबूनच ओरडले. रंगाऱ्याने ठिपका दिला, वाडगाभर नूडल्स खाल्ल्या आणि जाताना ओल्या ठिपक्यावर बाही फिरवली.

“अगं बाई, शर्ट खराब झाला की तुझा!” आजी म्हणाल्या.

“सरकारी आहे,” तो म्हणाला.

आज गल्लीच्या तोंडाशी पाडकामाचे यंत्र उभे आहे. त्याच्यापुढे वाडगे घेतलेली माणसे उभी आहेत, आणि कोणालाच घाई नाही. उद्याचे मला ठाऊक नाही. आजींनी सही केलेली नाही, एवढे ठाऊक आहे.

मित्रांनो, भिंतींना जपा. खिळे बेताने ठोका, ओल आली तर बघा. आणि तुमच्या भिंतीवर कोणी परस्पर काही लिहून गेले, तर ते नीट वाचा. त्यात एखादा ठिपका जास्तीचा असतो. कालथा घरात असतोच.