तिसरा नळ

टास्मानियात बिअरचे दोन पंथ आहेत. उत्तरेकडचे लोक उत्तरेच्या कारखान्याची पितात, दक्षिणेकडचे दक्षिणेच्या, आणि पंथ बदललेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. बार्टन्स क्रॉसिंग हे गाव बेटाच्या बरोबर मधोमध. त्यामुळे डॅरिल टिंगलच्या पबात दोन नळ आणि दोन टोळकी. खिडकीकडच्या टोळक्याचा म्होरक्या कोलिन फ्रेनी, मेंढ्यांचा मालक, जन्माने आणि जिभेने उत्तरेचा. शेकोटीकडच्यांचा रेग ओकली, लाकडाचे ट्रक चालवून म्हातारा झालेला, पक्का दक्षिणेचा. दोघांची शेतं एकाच कुंपणाला लागून. कुंपण दोघं मिळून दुरुस्त करत, एकमेकांची मेंढरं हाकून परत देत, पण उभ्या आयुष्यात एकमेकांना बिअर पाजली नव्हती. पाजणार कशी? एकाची दुसऱ्याच्या घशाखाली उतरायची नाही.

अशा गावात नेरिडा पायबसने बिअर गाळायला घेतली होती. हॉबार्टच्या इस्पितळातली धुलाईची नोकरी सोडून, रस्त्यापलीकडच्या लोकर कातरायच्या जुन्या शेडमध्ये. जव आसपासच्या शेतातलं, हॉप्सची कडू फुलं डरवेंटच्या खोऱ्यातली. शनिवारच्या बाजारात बाटल्या खपत, पण बाटल्यांवर धंदा तगत नाही. पबात पिंप लागलं तर तगतो. डॅरिलने नवा तिसरा नळ बसवला तेव्हा ती त्याच्यामागे लागली. डॅरिलचं म्हणणं साधं होतं. सफरचंदाच्या साइडरवाल्या कंपनीचा माणूस त्याच नळावर डोळा ठेवून होता. नेरिडाची बिअर लावायची तर ती खिडकीनेही प्यायला हवी आणि शेकोटीनेही. अर्ध्या गावाच्या जिवावर पिंप संपत नाही, आंबतं. रविवारी दुपारी सगळ्यांना चाखायला दे, ते काय म्हणतात ते बघू. नाही जमलं तर साइडर.

नाही जमलं तर परत इस्पितळाच्या चादरी, हे नेरिडाने डॅरिलला सांगितलं नाही. स्वतःला मात्र आठवडाभर सांगत राहिली.

रविवारी ती चांगली तयारी करून आली. तीन बिअर, तीन मोठे जग, आणि फळीत भोकं पाडून त्यात बसवलेले इवलेसे पेले. जीभ स्वच्छ राहावी म्हणून तिने डॅरिलला दोन्ही जुने नळ तासभर बंद ठेवायला लावले. आणि सगळं फुकट. इथेच ती चुकली. त्या गावात फुकटच्या बिअरला कुणी मान देत नाही. विकत घेतलेल्या बिअरबद्दल माणूस चार शब्द सांभाळून बोलतो, फुकटची मिळाली की परीक्षक होतो.

पहिली पिवळीधमक. कोलिनने पेला उजेडात धरला, हुंगला, एका घोटात संपवला आणि जाहीर केलं की हिच्यात दक्षिणेची झाक आहे. शेकोटीकडून रेगने ताबडतोब कळवलं की झाक असलीच तर उत्तरेची, दक्षिणेत मेंढ्यांनासुद्धा असलं पाणी देत नाहीत. दुसरी भाजलेल्या जवाची काळी. तिच्या बाबतीत खिडकीवाल्यांनी आधी शेकोटीवाल्यांची तोंडं बघितली. रेगची मान किंचित होकारार्थी हलली मात्र, खिडकीत एकजात सगळ्यांना ती जळकट लागली. ते ऐकून रेगला ती बरीच आवडली. मग कोलिन म्हणाला, तसं पाहिलं तर दुसरा घोट बरा आहे. लगेच रेगने आपलं मत मागे घेतलं.

डॅरिल गल्ल्यामागे उभा राहून स्कॅलप-पाई, म्हणजे शिंपल्यांची करी भरलेल्या मैद्याच्या कचोऱ्या, गरम करत होता. तो नेरिडाकडे बघेना. पाई एका बाजूने गरम झाल्या तरी त्या उलटायच्या सोडून तो त्यांच्याकडेच बघत राहिला, आणि नेरिडा काय समजायचं ते समजली.

तिसरी उरली होती. डोंगरमिरीची. रानातली ती काळी बोरं तिने स्वतः काट्याकुट्यांतून वेचून आणली होती. जिभेवर आधी गोडसर, मग हळूच झणझणीत. पण इवले पेले सगळे उष्टे झालेले, आणि ते विसळत बसायला तिचं मन उरलं नव्हतं.

कोलिन उठून गल्ल्यापाशी आला. अंगठ्याएवढ्या पेल्यांनी त्याची तहान नुसती चाळवली होती.

"नेरिडा, पोरी, ते बाहुलीचे पेले ठेव बाजूला. एक पुरता ग्लास भर."

"चाखायचं संपलं, कोलिन," ती म्हणाली. "पुरता ग्लास हवा तर विकत घे."

रागाच्या भरात बोलली खरी, पण कोलिनला ते मुळीच लागलं नाही. उलट आता तो ओळखीच्या जागी आला. त्याने खिशातून नोट काढली, गल्ल्यावर ठेवली, आणि जन्मभराच्या सवयीने शेजारी कोण उभं आहे ते बघितलं.

शेजारी रेग उभा होता. तोही तहानेने आलेला. हात रिकामा.

आता हे समजून घ्यायला हवं, की त्या मुलखात माणूस एकट्यापुरती बिअर घेत नाही. खांद्याला खांदा लावून कुणी रिकाम्या हाताने उभा असेल तर त्याचीही घ्यायची. मग पुढची फेरी त्याची. बायको सोडून गेली तर गाव चार दिवस हळहळतं. आपली फेरी चुकवून पळालेल्या माणसाला मात्र त्याच्या मयतीलाही टोमणे बसतात. कोलिन आजवर सुटला होता तो एवढ्याच कारणाने, की त्याच्या नळाची रेगला चालत नव्हती. आज ते दोन्ही नळ बंद होते.

त्याने दोन बोटं वर केली.

खिडकीत आणि शेकोटीपाशी सगळ्यांच्या माना वळल्या. नेरिडाने दोन पुरते ग्लास भरले.

"ही तुमच्याकडची नाही ना?" रेगने विचारलं.

"तुमच्याकडचीही नाही," कोलिन म्हणाला. "रस्त्यापलीकडची आहे. पी गुमान."

रेग प्यायला. विकत घेऊन दिलेल्या बिअरला देणाऱ्याच्या तोंडावर नावं ठेवणं त्याच्या आईने त्याला शिकवलं नव्हतं. अर्ध्यावर मिरी लागली. त्याच्या भुवया टोपीत गेल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की शेकोटीवाले उठून उभेच राहिले. ग्लास रिकामा करून त्याने मिशा पुसल्या. मग काहीशा रुबाबात खिशात हात घातला.

"माझी फेरी."

त्यानंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही. कोलिनच्या मागे त्याची माणसं उभी होती, रेगच्या मागे त्याची. एका म्होरक्याने दुसऱ्याचं घेतलंय म्हटल्यावर बाकीच्यांना कोण अडवणार? उत्तरेने दक्षिणेला पाजली, दक्षिणेने उत्तरेला. काळी जळकट राहिली नाही, पिवळीतली झाक कुणाला सापडेना. कुंपणाचा तिसरा खांब कुणाच्या बैलाने पाडला यावरची जुनी तक्रार निघाली आणि दोन्ही बैलांच्या नावाने ग्लास उंचावून मिटली. डॅरिलने पाई वाटल्या, आणि वाटता वाटता कुणाचं लक्ष नाही असं बघून स्वतः मिरीची चाखली. मग पुन्हा चाखली.

"गुरुवारी पिंप आण," तो गल्ल्यावरून नेरिडाला म्हणाला. "मिरीचं आधी. साइडरवाल्याला मी फोन करतो."

नेरिडाला काहीतरी छान उत्तर द्यायचं होतं. तेवढ्यात कोलिनने तिच्या हातात भरलेला ग्लास ठेवला. म्हणजे तीही फेरीत आली.

ती प्यायली. स्वतःची बिअर अशी गर्दीत, दुसऱ्याने पाजलेली, ती पहिल्यांदाच पीत होती. शेडमध्ये एकटीने चाखताना जे कधी लागलं नव्हतं ते आज लागलं: चांगली आहे.

ग्लास खाली ठेवला तर सगळे तिच्याकडे बघत होते.

"आता तुझी," रेग म्हणाला.

तिने जग उचलून बघितले. तिन्ही कोरडे.

"संपली."

"गुरुवारपर्यंत थांबायचं?" कोलिनने डॅरिलकडे असं बघितलं, जणू गुरुवार त्यानेच शोधून काढला होता. "आणि ही आपली फेरी चुकवणार?"

"पिंप आहे शेडमध्ये," नेरिडा म्हणाली. "पण जड आहे."

दोघं म्हातारे एकाच वेळी दाराकडे निघाले. पाच मिनिटांनी सगळा पब पायरीवर उभा राहून बघत होता. हमरस्त्यावर दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या होत्या आणि मधून कोलिन आणि रेग नेरिडाचं पिंप लोटत आणत होते. पिंप सरळ येत नव्हतं. एक म्हणत होता उत्तरेकडून ढकल, दुसरा म्हणत होता दक्षिणेकडून, आणि त्यांच्या पुढे उलट्या पावलांनी चालत नेरिडा दोघांनाही शिव्या घालत, पोट धरून हसत होती.