रिकाम्या गाडीची उंची

आमच्या गावचा माजी उपसरपंच गजेंद्र मंगळवारी दुपारी सव्वाचार वाजता स्वतःच्याच गतिरोधकावरून दोन फूट हवेत उडाला आणि माझ्या पिकअपच्या हौद्यात बुडावर आपटला.

तसं काहीही झालेलं नाही. मंगळवारी गावात शांतता होती.

झालं ते एवढंच, की मी गाडीची उंची वाढवली.

ती वाढवायचं कारणही गजेंद्रच. रेतीचे टिप्पर येऊ नयेत म्हणून त्यानं वेशीच्या कमानीखाली आडवा लोखंडी पाईप ठोकला. टिप्पर दुसऱ्या रस्त्यानं येऊ लागले. मग कमानीच्या आत, स्वतःच्या ओट्यासमोर, त्यानं एक गतिरोधक घातला. तो एवढा उंच, की त्यावर उभ्या राहिलेल्या कोंबडीला तालुक्याचं मोताळा दिसत असेल. रोज संध्याकाळी तो आणि त्याचे चार दोस्त ओट्यावर बसून कोणाच्या गाडीचं पोट घासतं ते बघायचे. एकाच्या घरी तर मोठा टीव्ही होता, तरी यायचा.

दसऱ्याच्या आधी माझ्या बहिणीला, काजलला, बघायला जानेफळचे पाव्हणे आले. मी त्यांना मोताळ्याहून पिकअपमध्ये आणलं. गतिरोधकावर सायलेन्सर अडकला. नवरदेवाच्या आईला, अन्नपूर्णाबाईंना, लुगडं सावरत खाली उतरावं लागलं. गजेंद्रनं मोबाईल काढला.

"या पाव्हणे, या! गाडीले आराम, मानसाले काम!"

त्या चित्रफितीला बँडची धून लावून त्यानं ती गावाच्या ग्रुपवर टाकली. पाव्हणे घरी पोचायच्या आत ती जानेफळला पोचली होती.

दोन दिवसांनी निरोप आला. पोरगी पसंत आहे, दिवाळीनंतर तारीख काढायला येऊ. पण पुन्हा गाडीतून उतरावं लागलं, तर तिथूनच माघारी.

आमचे बाबा, भगवानराव, यांनी हॉटेलात चहा प्यायला जाणं सोडलं. काजल एवढंच म्हणाली, "दादा, त्याले सोडू नोको."

मी नागसेनकडे गेलो. त्याचं गॅरेज गावातच, पिठाच्या गिरणीला लागून.

"किती वर घेऊ?" त्यानं विचारलं.

"गतिरोधकाच्या वर."

"अन् पाईपाच्या?"

"खाली."

"मंग मधात म्हन ना बे."

दोन दिवस गाडी जॅकवर होती. नागसेननं प्रत्येक चाकाला स्प्रिंगचे दोन-दोन पाटे वाढवले, एक्सलवर लोखंडी ठोकळे बसवले, लांब यू-बोल्ट आवळले, शॉकअपही लांब टाकले. गाडी चांगली आठ बोटं वर आली. मग आम्ही तीत सोयाबीनचे तीस कट्टे, म्हणजे तीस पोती, भरले आणि पाईपाची उंची दोरीनं मोजून घेतली. गाडी बरोबर एक बोट खाली होती.

"रिकामी काऊन नाही मोजत?" बाबांनी विचारलं.

"रिकामी गाडी कोन चालवते, भाऊ?" नागसेन म्हणाला. "डिझेल काय नळाले येते?"

हे आम्हा तिघांनाही पटलं. आमच्याकडे रिकाम्या पिकअपला गाडी म्हणत नाहीत, नुकसान म्हणतात. जाता जाता नागसेन म्हणाला, "नवे पाटे कडक असतेत. अर्धी भरलेली गाडी फेकते, ध्यानात ठेव." मी ते फार नीट ध्यानात ठेवलं.

मंगळवारी सकाळी तीस कट्टे घेऊन मी गतिरोधकावरून गेलो. काहीच घासलं नाही. ओट्यावर गजेंद्रच्या हातातली बशी तशीच राहिली. तेवढ्यावर माझं भागणार नव्हतं, पण सुरुवात बरी होती.

मोताळ्यात सोयाबीन विकलं. स्टँडवरून, तारीख काढायला आलेल्या अन्नपूर्णाबाई आणि त्यांचे मालक शालिग्रामराव यांना केबिनमध्ये बसवलं. वेशीत आलो आणि टण्ण आवाज झाला.

केबिनवरचं कॅरिअर पाईपाला टेकलं होतं. ओझं उतरल्यामुळे गाडी वर आली होती. दोन बोटांसाठी माझ्या बहिणीचं लग्न अडलं होतं.

नागसेन फोनवर म्हणाला, "चाकाची हवा सोड."

पाव्हण्यांसमोर मी आपल्याच गाडीची हवा सोडणार नव्हतो.

तोवर गजेंद्र आला. मागून चार दोस्त. मोबाईल चालू, या वेळी थेट प्रक्षेपण.

"काय गोकुळ, उतरवू काय पाव्हण्याईले?"

अन्नपूर्णाबाईंचा हात दाराच्या कडीवर गेला. मी गजेंद्रकडे पाहिलं. असेल एकशे वीस किलो. त्याचे दोस्तही खात्यापित्या घरचे. आयुष्यात पहिल्यांदा मला तो माणूस कामाचा वाटला.

"मावशी, गाडी हलकी पडली," मी म्हणालो. "चार-पाच क्विंटल वजन पाह्यजे फक्त."

अन्नपूर्णाबाईंनीही तिकडेच पाहिलं. कडीवरचा हात काढला.

"या गावचे मोठे मानूस तुमीच काय?"

गजेंद्रनं केसांवरून हात फिरवला. "हाव, मीच."

"मंग बसा मांगं. पाव्हण्याले वेशीत उभं ठेवाची पद्धत हाये काय तुमच्यात?"

प्रक्षेपण अख्खा गाव बघत होता. नाही म्हणायची सोय त्यानं स्वतःच्या हातानं बंद केली होती. तो चढला, गाडी एक बोट बसली. दोस्त चढले, तेव्हा दुसरं. पाईप कॅरिअरला न शिवता मागे गेला.

गजेंद्रनं केबिनवर थापा मारल्या. "थांब बे! उतरू दे!"

"मावशी, थांबू काय?"

अन्नपूर्णाबाईंनी पदर नीट केला. "कोनी उतरनार नाही, असंच ठरलं होतं ना?"

मी तिसरा गिअर टाकला. समोर गतिरोधक होता, आणि गाडी अर्धीच भरलेली होती.

प्रक्षेपणात गावाला आधी आभाळ दिसलं, मग कडुलिंब, मग माझी स्टेपनी. केबिनमध्ये शालिग्रामरावांची टोपीसुद्धा हलली नाही, असं मी सांगतो.

तारीख निघाली. बाबा हॉटेलात गेले आणि दोन चहा प्याले. ओटा तेव्हापासून रिकामा आहे. गजेंद्र पालथा झोपतो म्हणतात. पालथं पडूनच त्यानं माझ्याविरुद्ध तक्रार लिहिली. म्हणून मीही बांधकाम खात्याच्या उपअभियंत्यांकडे अर्ज दिला आहे:

'उपरोक्त विषयास अनुसरून विनंती, की सदर गतिरोधक न काढता त्याची उंची सहा इंच वाढवून मिळावी. तसेच अर्जदाराची गाडी परतताना रिकामी असल्याने, श्री. गजेंद्र व इतर चार यांनी दररोज सकाळी दहा ते सायंकाळी सहा, जेवणाची सुट्टी वगळता, वेशीत शासकीय वजन म्हणून उपस्थित राहावे, असे आदेश व्हावेत.'