जावयाच्या हातची आरती

"बसत कशी नाही मेली ही तलवार," माझी धाकटी जाऊ देवीच्या कानाशी पुटपुटत होती.

बसणार कशी? तो कमळाचा हात होता. आमच्या घरची देवी पितळेची, आठ हातांची. नऊ दिवस रोज वेगळं रूप, म्हणून रोज हातातल्या वस्तू बदलायच्या. ते काम जावेच्या लेकीचं, ठकीचं. लग्न झाल्यावरही त्यासाठी ती माहेरी यायची. यंदा आली ती उजवं मनगट सुजवून. कोपऱ्यात बसून नुसतं सांगत होती, "खालचा हात, आई. त्याच्याही खालचा."

मनगटाला काय झालं? भाऊजी म्हणायचे, जिन्यावरून पडली. जाऊ म्हणायची, मोरीत घसरली. मी विचारलं, ते घर आहे का घसरगुंडी? तर भाऊजींनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आज जावई तिला न्यायला आले होते. नवा सदरा, हातात मिठाई, तोंडात साखर. ठकी सकाळीच मला म्हणाली होती, "काकू, मला नाही जायचं." मी ते भाऊजींच्या कानावर घातलं. "सणासुदीला तमाशा नको," म्हणाले, आणि तिची बॅग स्वतः उचलून दाराशी ठेवली. एरवी पाण्याचा तांब्या उचलत नाहीत.

"आज कुठलं रूप?" जावयांनी विचारलं.

"राक्षसाला मारते ते."

"वा. घरची बाई म्हणजे देवीच, काकू. आमच्याकडे तसंच मानतात."

हातातली घंटा मी त्यांच्या डोक्यात घातली नाही, याचं पुण्य कुठंतरी जमा झालं असेल.

"आरती जावयांच्या हातून होऊ दे," भाऊजी म्हणाले. "त्यांचा मान आहे."

ठकीने ओढणी मनगटावर ओढून घेतली. जावयांनी पुढे होऊन तबकाला हात घातला. जाऊने तबक सोडलं नाही. त्यांनी जरा ओढलं, तिने धरून ठेवलं. ज्योत थरथरली.

"अगं, दे ना त्यांना," भाऊजी म्हणाले.

"आई, उशीर होतोय आम्हाला," जावई हसले.

जावयांपुढे कधी धड मान वर न केलेली माझी जाऊ त्यांच्या डोळ्यांत बघत, शांतपणे म्हणाली,

"जावईबापू, तुम्ही माझ्या लेकीला मारता."