शिक्क्याची बाटली

बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत उकळतं पाणी ओतायचं, ते झाकून ठेवायचं आणि प्लॅस्टिकमधलं काय काय त्या पाण्यात उतरलं ते यंत्रावर पाहायचं, हे नानांचं काम. सरकारी प्रयोगशाळेच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत त्यांचे केस पिकले. बायकोही तिथेच भेटली. ती गेल्यावर तिची खुर्ची कोणी हलवली नाही. तपासायला आलेल्या मालाची खोकी तिच्यावर ठेवायला लागले, इतकंच.

बिस्फेनॉल ए या प्लॅस्टिकमधल्या घटकाचं नाव कायद्यात आलं ते तिच्यामुळे. शरीर त्याला आपलाच हार्मोन समजतं आणि तो तान्ह्या जिवाच्या वाढीत नको तिथे लुडबुड करतो, हे समितीपुढे सांगून सांगून तिचा घसा बसला. शेवटी बंदी आली. ज्या बाटलीत तो सापडणार नाही, तिला प्रयोगशाळेचा हिरवा शिक्का.

नव्या मालाचा आलेख पडद्यावर आला तेव्हा बिस्फेनॉल ए दिसायचा त्या जागी सपाट रेघ होती. नाना समाधानाने उठणार, तोच शेजारचा उंच सुळका दिसला. बिस्फेनॉल एस. त्याचाच सख्खा भाऊ. कारखान्याने एकाला बाहेर काढून दुसऱ्याला आत घेतलं होतं.

ते साहेबांकडे गेले.

"पाहिलाय मी," साहेब म्हणाले. "मागच्या मालातही होता. कायद्यात त्याचं नाव आहे का?"

"नाही. पण गुण तेच आहेत."

"चोराचा भाऊ म्हणून कोणाला आत टाकता येत नाही, नाना."

"हा भाऊपण चोऱ्याच करतोय, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "मग ऐका. बंदी कायम ठेवायची की नाही, यावरची सुनावणी तोंडावर आलीय. आत्ता आपण हे उकरलं तर कारखानदार म्हणणार, यांचंच यांना ठरत नाही, आधीचंही रद्द करा. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं? बाईंनी आयुष्य घातलं त्या बंदीत. तुम्ही म्हणत असाल तर ती मी मोडतो. म्हणा."

नाना आपल्या खोलीत परतले. माल पास झाला. चिकटवायच्या हिरव्या शिक्क्यांची गुंडाळी त्यांनी स्वतःच्या हाताने खोक्यात ठेवली.

घरी जाताना त्यांनी नातीसाठी स्टीलची बाटली घेतली. लेकीची रजा संपत आली होती आणि सोमवारपासून नात पाळणाघरात जाणार होती. टेबलावर नवी प्लॅस्टिकची बाटली धुऊन पालथी घातलेली होती, शिक्क्यासकट.

"हे काय आणलंत, बाबा? ही नाही चालायची तिथे. शिक्का लागतो."

"स्टीलला कशाला शिक्का? त्यातून काय उतरणार आहे?"

"ते पाळणाघराच्या ताईंना सांगा. बिनशिक्क्याची बाटली त्या दारातूनच परत पाठवतात. आईच तर त्यांना बजावून आली होती."

आली होती खरी. शिक्का प्लॅस्टिकसाठी होता, स्टील कधी तपासायला येतच नव्हतं. पण नियम म्हणजे नियम, आणि तो घरचाच.

लेकीने प्लॅस्टिकची बाटली उजेडात धरली. शिक्क्याची कड सुटायला लागली होती, ती तिने अंगठ्याने हळूच दाबून बसवली. आईच्या साडीची घडी करताना ती काठ असाच दाबून बसवायची.

"बाबा, हिच्यात काही आहे का?"

नाना त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"काही नाही गं. स्टीलची पडली तरी फुटत नाही, म्हणून आणली."

"प्लॅस्टिकची तरी कुठे फुटते? तुम्ही ना, आई गेल्यापासून काहीही उचलून आणता."

उभ्या नोकरीत नानांनी कचेरीतली टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. सोमवारी त्यांच्या खिशात एक हिरवा शिक्का होता. लेक कामावर गेल्यावर त्यांनी नातीला घेतलं, आणि पाळणाघराच्या पायरीवर टेकून स्टीलच्या बाटलीवर तो चिकटवला. घाईत तो तिरका बसला.

ताईंनी बाटली फिरवून पाहिली. "स्टीललाही द्यायला लागले का? बरं झालं. शिक्का असला की आम्ही निर्धास्त. तुमच्या घरचाच की हो तो."

नात ताईंच्या कडेवर गेली. ताईंनी बाटली फळीवर ठेवली. फळीवर बाटल्यांची रांग होती, सगळ्या प्लॅस्टिकच्या, सगळ्यांवर शिक्का. खाली शेगडीवर दुधाचं पातेलं वाफाळत होतं, आणि मदतनीस बाई त्यातलं दूध पळीने एकेका बाटलीत ओतत होती.

नाना पुढे झाले. पहिली भरलेली बाटली त्यांनी उचलली. गरम होती.

"ती नव्हे, आजोबा," ताई म्हणाल्या. "तुमची ती टोकाची. ही दुसऱ्यांची आहे."

"हो," नाना म्हणाले.

ताईंनी बाटलीसाठी हात पुढे केला. नानांच्या हातून ती सुटेना.