आईलाच विचारायचं

फोनवरची बाई नोएडातल्या एका कपड्याच्या कारखान्यात कामाला होती. बाळ जन्मल्यावर रडलं होतं का, असं मी तिला हिंदीत विचारलं. ती म्हणाली, रोया था जी, बहुत रोया था. मी 'हो'वर खूण केली, लसीची तारीख सांगितली आणि पुढचा नंबर लावला. रजेवरून परत आल्यापासून माझं असंच चाललं होतं. काही वाटत नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, मग गाल आपलाच असून आपला राहत नाही, तसं. बोलता नीट येतं. चावलं गेलं तर कळत नाही, एवढंच.

आमच्या हॉस्पिटलात गरोदर बायकांवर एक संशोधन चालतं. सुरुवातीच्या महिन्यांत बाईचं नाव घालायचं, रक्त, सोनोग्राफी, घरात काय शिजतं, कशावर शिजतं, सगळं विचारायचं, आणि शेवटी काय झालं ते लिहायचं. काही बाळं वेळेआधी का येतात, काही का वाचत नाहीत, हे त्यातून शोधायचं. मी तिथे नर्स आहे. मला दिवस गेले तेव्हा मी स्वतःचंही नाव घातलं. स्वरूपा मॅडम, म्हणजे आमच्या मोठ्या डॉक्टर, हसून म्हणाल्या, चला, घरचंच गिऱ्हाईक मिळालं. माझं रक्त रेवती काढायची. ती लातूरची, माझ्या हाताखाली शिकलेली, मला ताई म्हणते.

सातव्या महिन्यात मुलगी आली आणि गेली.

मयूर विहारच्या आमच्या घराहून नोएडातलं आमचं हॉस्पिटल काही लांब नाही, पण त्या संध्याकाळी रस्ता असा तुंबला होता की सुगतने, माझ्या नवऱ्याने, गाडी जवळच्याच एका नर्सिंग होमकडे वळवली. मला दारात उतरवून तो पार्किंग शोधायला गेला. दिल्लीत पार्किंग मिळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझं सगळं आटोपलं होतं. वर आल्यावर त्याला सांगितलं गेलं की बाळ मेलेलंच जन्मलं. कागदावरही तेच लिहून दिलं.

मी तिला रडताना ऐकलं होतं.

शेजारच्या टेबलावर दुसरी बाई होती, हे खरं आहे. सुगतचं म्हणणं, तू ऐकलंस ते तिचं मूल असेल. हे तो एकदाच म्हणाला आणि नंतर तोंडाला कुलूप. मला कळत होतं त्याचं. मेलेलीच जन्मली म्हटलं की कोणाचं काही चुकत नाही, डॉक्टरचं नाही, ट्रॅफिकचं नाही, पार्किंग शोधणाऱ्याचंही नाही. पण मग ती कधी नव्हतीच. आणि ती होती. तेवढं एक मला कुठेतरी लिहून हवं होतं.

सासूबाई वर्ध्याहून आल्या. डोहाळजेवणासाठी तिकीट काढलेलं होतं, त्याच तिकिटावर आल्या. हिरवी साडी बॅगेतून बाहेर काढलीच नाही. आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात शिरल्या आणि मला खाऊपिऊ घालू लागल्या. गेल्या जिवाचं नाव काढू नये, आईला त्रास होतो, असं त्यांनी शेजारणींनाही बजावून ठेवलं. शेजारणी येत, पाण्याच्या टँकरबद्दल बोलत आणि जात. सगळे माझ्याशी इतके चांगले वागत होते की किंचाळावंसं वाटायचं. अर्थात किंचाळले नाही. दिलेलं सूप प्यायले.

मला घाई नव्हती, कारण रेवती येणार होती. आमच्या कामात मूल गेलं की बाईच्या घरी जाऊन बसायचं आणि विचारायचं. कागद आधी बघायचाच नाही. गर्दीच्या प्रसूतिगृहात दोन श्वास घेतलेलं मूलही कधीकधी मृत जन्म म्हणून लिहिलं जातं, कोणाला फुरसत असते? म्हणून आईलाच विचारायचं, ती म्हणेल ते लिहायचं, सुचवायचं नाही, समजूत घालायची नाही. हे रेवतीला मीच शिकवलं होतं. पहिल्या घरी ती बाईच्या आधी रडायला लागली, तेव्हा मी तिला जिन्यात नेऊन झापलं होतं. तर ती येईल आणि विचारेल, एवढ्या आधारावर मी रजा काढली. ती आली नाही. डबे पाठवत राहिली.

मग मी कामावर परतले, आणि त्या फोनच्या दिवशी दुपारी जेवताना तिनेच विषय काढला. आवाज बारीक करून म्हणाली, "ताई, तुमचं मी करून टाकलंय हां. डिस्चार्जच्या कागदावरून भरलं सगळं. तुम्हाला परत त्यातून जायला नको."

"काय लिहिलंस?"

"मृत जन्म. तसंच होतं ना कागदावर?"

माझ्या हातात पोळीचा तुकडा होता, तो मी डब्यात ठेवला. राग आला. किती दिवसांनी काहीतरी आलं, तर तो या पोरीवर, जिने माझ्यावरच्या मायेपोटी माझी मुलगी खोडून टाकली होती. मी म्हटलं, रविवारी घरी ये आणि विचार. ती म्हणाली, राहू द्या ना यार ताई, फाइल बंद झालीये. मी म्हटलं, मग उघड. तिचे डोळे भरले. मला तिची दया आली नाही. जेवण टाकून तशीच मॅडमकडे गेले. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि म्हणाल्या, बिल्कुल, नियम सगळ्यांना सारखा.

रविवारी रेवती आली. सासूबाईंनी पोहे केले, कशासाठी आलीये ते कळल्यावर त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. सुगत बाल्कनीच्या दारात उभा होता. त्याच्या मंत्रालयात प्रत्येक गोष्टीला कागद लागतो, त्याचा कागदावर फार विश्वास. तो म्हणाला, "कागद आहे ना आपल्याकडे. कशाला उगाच?"

"दादा, ताईंनाच विचारायचं असतं," रेवती म्हणाली.

तिने टॅब मांडीवर घेतला. किती वाजता दुखायला लागलं, पाणी कधी गेलं, कोण सोबत होतं, ती विचारत गेली आणि मी सांगत गेले. फोनवरच्या बायका सांगतात तसंच, सपाट. रेवती एकदाही रडली नाही, मधे 'अरेरे' म्हणाली नाही, पुढचं उत्तर सुचवलं नाही. चांगली शिकवलीये मी.

मग तिने विचारलं, "बाळ रडलं होतं का?"

सुगतने मान फिरवली. शेजारचं टेबल, दुसरी बाई, सगळं माझ्याही डोळ्यांपुढे आलं. मी विचारायला जाते त्या घरांत बायका या प्रश्नाला का थांबतात, ते मला आत्ता कळलं. त्यांना आठवत नसतं असं नाही. आपण 'हो' म्हटलं की ते आपल्यालाच जन्मभर सांभाळायचं असतं.

"हो," मी म्हटलं. "दोनदा."

रेवतीने लिहिलं. तिने दुसरं काही विचारलं नाही, खात्री आहे का वगैरे. पुढच्या प्रश्नासाठी तिने तोंड उघडलं, तर सुगत बोलला.

"कसा होता?"

मला वाटलं, तो भांडायला लागला. पण तो दारातून आत आला आणि खाली सतरंजीवर बसला, माझ्या पायांपाशी.

"आवाज गं. कसा होता? मी खाली होतो ना. मला काहीच माहीत नाही."

तो लहान पोरासारखा रडायला लागला. मला रडू आलं नाही. कसा होता ते सांगायला मी शब्द शोधले. बारीक, चिरका, पण कोणताही शब्द लागू पडेना, आणि नवरा तर वर बघत वाट पाहत होता. मग मी तो आवाज काढूनच दाखवला. घशातल्या घशात, एवढासा.

सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता मला गप्प करतील, उठवून आत नेतील. त्या भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं.

पाती फिरायची थांबेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"आता काढ," त्या म्हणाल्या. "मला ऐकू आला नाही."